समासात

दहाची सुनावणी साडेदहाला सुरू झाली,
कारण नकाशा टांगायला खिळा सापडेना.
केरीची शाळा, सातवीचा वर्ग,
फळ्यावर कालचे लसावि-मसावि तसेच,
त्यांच्यावर किनारा उघडला सुरळीतून,
एकास चार हजार.
खालचा कोपरा पुन्हा पुन्हा वर वळायचा,
शेवटी शिपाई तो हातात धरूनच उभा राहिला.

मी इतिवृत्त लिहिणारा.
वहीत रकाने पाच: नाव, गाव, सर्व्हे नंबर, हरकत, शेरा.
बोलायला माणशी तीन मिनिटे.

शॅकवाल्या दुमिंगने विचारले,
माझ्या खुर्च्या तुम्ही समुद्रात धरता की जमिनीवर?
लोक हसले. हसणे मी लिहिले नाही.
रोहिदास तांडेलला धक्का हवा, बर्फाचा कारखाना हवा.
म्हणाला, रापण ओढून ओढून आजी वाकली,
मला वाकायचे नाही.
हे शब्दशः घेतले.
ट्रॉलरवाले आले नव्हते.
त्यांचे पत्र आले होते, वकिलाच्या सहीचे.

नील अर्थव्यवस्था, साहेब तीनदा म्हणाले.
तिसऱ्यांदा मागच्या बाकावरून कुणी बाई:
खंयची नीळ? कपड्यांक घालतत ती?

तीच उठली मग.
नाव? द्वारका तांडेल.
सर्व्हे नंबर?
तिने पदर खोचला आणि सरळ नकाशापाशी गेली,
लाल रेषेवर बोट ठेवले,
खुबे उकरून अर्धे उरलेल्या नखाचे.

ही भरतीची रेघ?
हो, म्हणाला सर्व्हेचा पोर.
काडलीस कदी?
त्याने फाइल चाळली: सतरा जानेवारी, सकाळी नऊ.
ती पेरांवर मागे मागे मोजत गेली, ओठ हलत होते.

आष्टम. भांगाचा पाणी.
आठांची पावणपट सा. साक भरती.
तू इलंस नवाक.
दर्या घराक जावक निघालो,
तेव्हा तू तेका मोजलंस, बाबा.

पोराने पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले.

आज अमास, ती म्हणाली. पंदरांची पावणपट करा.
साहेब मनातल्या मनात करतच होते,
तेवढ्यात रोहिदास बोलला, मान खाली घालून,
सवा अकरा.
भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस.
मगे चला, ती म्हणाली. रेघ दाखयतंय.

घंटा वाजली. तीन मिनिटे झाली होती.
पुढचे नाव घेतले गेले.

मी पाणी प्यायचे निमित्त केले.
शाळेमागे सुरूचे बन संपते,
म्हणजे संपत चालले आहे:
मुळे उघडी, दोन झाडे आडवी पडलेली,
आणि गुलाबी रंगाचा सर्व्हेचा खुंटा
पाण्यात गळ्यापर्यंत,
पोहता न येणाऱ्या पाहुण्यासारखा.
मी मागे सरलो नाही. बूट भिजले.

परतलो तेव्हा जेवणाची पाकिटे फिरत होती.
"सुनावणी शांततेत पार पडली"
हे शेवटचे वाक्य मला सांगण्यात आले,
मी लिहिले.
तिच्या नावापुढे सर्व्हे नंबर: नाही.
हरकत: रेषेबाबत. शेरा: नोंद घेतली.
तिथीला रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीने लिहिले: अष्टमी, ओहोटी लागल्यावर.
पुढे प्रश्नचिन्ह घातले. मग ते खोडले,
नुसते प्रश्नचिन्ह.

महिन्याने टंकलेली प्रत आली,
सही करायला.
समास पांढरा.
सही केली.

हल्ली सकाळी कॅलेंडरवर
तिथी आधी बघतो, तारीख नंतर,
आणि चहा गार होईतो पाऊणपट करत बसतो.
बायको विचारते,
आज उपास धरलाय का?